टोरंटवर पाळत कशी ठेवतात? आयपीवरून माणूस खरंच सापडतो का?

खाडीकाठ (तारकर्ली):
नमस्कार मंडळी, टेक्निकल लोकांनी आणि वकील मंडळींनी जरा लक्ष द्या. आमचं तारकर्लीला होमस्टे आहे, आईबाबा जेवणाखाण्याचं बघतात आणि बुकिंग, नेट, कॅमेरे हे माझ्याकडे. पावण्यांना वायफाय फुकट आहे, पासवर्ड जेवणाच्या खोलीत भिंतीवरच लावलाय. परवा आमच्या नेटवाल्याने एक मेल फॉरवर्ड केला, सगळं इंग्रजीत, की तुमच्या कनेक्शनवरून अमक्या सिनेमाची फाईल बिटटोरंटवर शेअर होत होती. त्यात फाईलचं नाव, साईझ, अक्षरं-आकड्यांची एक चाळीस घरांची लांब ओळ, आमचा आयपी (म्हणजे कनेक्शनचा नेटवरचा पत्ता), पोर्ट नंबर, तारीख आणि वेळ २०:१५. पैसे मागितले नाहीत, थांबवा आणि परत होऊ देऊ नका एवढंच. बाबा तेव्हापासून नीट जेवत नाहीयेत, पोलीस येतील म्हणतात. मला समजून घ्यायचंय की हे लोक बसतात कुठे, बघतात कसं, आणि त्यांना नक्की काय दिसतं? आमच्या राऊटरमध्ये शिरले होते का? आणि त्या दिवशी संध्याकाळी सव्वाआठला आमच्याकडे एकही पावणा नव्हता, खोल्या रिकाम्या होत्या, मग हे आलं कुठून?

सुरंगी (मूळ वेंगुर्ला, सध्या पुणे):
आधी बाबांना सांग की राऊटरमध्ये कोणी शिरलेलं नाही. शिरायची गरजच नसते, कारण टोरंटमध्ये सगळं उघड्यावर चालतं, ते बनलंय तसंच. नेटवर्किंगमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं होईल.

बिटटोरंट ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणलं. फाईलचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे त्याने तो बाकीच्यांना द्यायचा. तू म्हणतोस ती चाळीस घरांची ओळ म्हणजे इन्फोहॅश. टोरंटमध्ये फाईलचं नाव, साईझ आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) असतो, त्या सगळ्यावरून गणिताने काढलेला हा आकडा. मजकूर एका बिटने बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो, म्हणून दोन ठिकाणी तोच इन्फोहॅश दिसला की फाईल तीच.

आता तुझ्या क्लायंटला, म्हणजे टोरंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तुकडे हवेत तर ज्यांच्याकडे आहेत त्यांचे पत्ते लागणार. ते पत्ते ट्रॅकर नावाचा सर्व्हर देतो, नाहीतर डीएचटीतून मिळतात, म्हणजे सगळ्या क्लायंटांनी मिळून वाटून ठेवलेली यादी, आणि जोडलेले लोकही एकमेकांना आणखी पत्ते सांगतात. हे पत्ते म्हणजेच आयपी आणि पोर्ट. पाळत ठेवणारी कंपनी काय करते, तर स्वतः एक क्लायंट चालवते, ज्या सिनेमाचं कंत्राट आहे त्याचे इन्फोहॅश त्यात घालते आणि यादी मागते. तुझ्या पावण्याने मागितली असती तशीच. कुठलाही दरवाजा फोडावा लागत नाही.

सुरुवात मात्र माणसापासून होते हां. कोणीतरी ती फाईल आधी पूर्ण उतरवून, उघडून बघतो की हा खरंच तो सिनेमा आहे, नुसतं नाव तेच आणि आत भलतंच असंही असतं. एकदा खात्री झाली की तो इन्फोहॅश यादीत जातो आणि मग मशीन रात्रंदिवस तेवढ्या एका ओळीवर नजर ठेवतं.

खाडीकाठ:
ताई, हे कोणीच असं सांगितलं नव्हतं, खूप आभार. म्हणजे आमचा आयपी यादीत होता एवढंच त्यांना कळलं? फाईल खरंच गेली-आली हे कळत नाही?

सुरंगी:
तिथेच खरी मेख आहे. दोन प्रकार आहेत. पहिल्यात नुसती यादी घ्यायची आणि त्यातल्या सगळ्यांना नोटीस. हे स्वस्त पण फार कच्चं, कारण ट्रॅकर म्हणजे लग्नातली आहेराची वही, बसलेल्याने नाव सांगावं नि लिहिणाऱ्याने लिहावं, खरा माणूस समोर आहे का कोण बघतो? २००८ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संशोधकांनी हे करूनच दाखवलं. त्यांनी ट्रॅकरला मुद्दाम आपल्याच युनिव्हर्सिटीतल्या प्रिंटरचे आयपी सांगितले आणि काही दिवसांनी त्या प्रिंटरच्या नावाने कॉपीराईटच्या नोटिसा आल्या. प्रिंटर सिनेमा उतरवतो म्हणे. एका वायफायच्या डब्यालाही आली होती.

दुसऱ्या प्रकारात त्यांचा क्लायंट तुझ्या आयपीशी थेट जोडतो. मग हँडशेक, म्हणजे दोन क्लायंटांची पहिली ओळख, होतो, तुझा क्लायंट इन्फोहॅश सांगतो, स्वतःची ओळख सांगतो (त्यात बहुतेक वेळा क्लायंटचं नाव आणि व्हर्जन पण असतं) आणि माझ्याकडे कुठले तुकडे आहेत याचा नकाशा पाठवतो. नीट काम करणारा मग एखादा तुकडा प्रत्यक्ष मागतो आणि हॅश जुळतोय का ते तपासून ठेवतो. हा पुरावा बराच भक्कम. पण सगळे एवढं करत नाहीत. २०१२ मध्ये बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या लोकांनी उलट पाळत ठेवणाऱ्यांवरच पाळत ठेवली, तर कळलं की जास्त चालणाऱ्या पहिल्या शंभर फाईलींपैकी एखाद्यात तुम्ही शिरलात तर साधारण तीन तासांत कोणीतरी तुमची नोंद करतं. आणि त्यांचंच म्हणणं होतं की ज्या पद्धतीने हे चाललंय तो उल्लंघनाचा पक्का पुरावा म्हणता येणार नाही.

तुझ्या नोटिशीत हँडशेक, तुकडा, पर्सेंटेज असं काही लिहिलंय का बघ.

वायरमन_देवगड:
मी देवगडात केबल आणि नेट चालवतो, त्यामुळे ऑपरेटरच्या बाजूने सांगतो. खाडीकाठ भाऊ, आधी एक काम करा, ती वेळ २०:१५ आहे तिच्यापुढे झेड किंवा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलंय का बघा, दोन्हीचा अर्थ एकच. या नोटिसा जगभर जातात त्यामुळे वेळ यूटीसीत देतात, आपल्याकडची वेळ काढायला साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे तुमची वेळ होते पहाटे पावणेदोन आणि तारीख दुसऱ्या दिवसाची.

खाडीकाठ:
झेड आहे! आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेदोनला खोल्या भरलेल्या होत्या, मुंबईचा ग्रुप रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून आलेला, सगळे जागे होते गप्पा मारत. आणि ताई, नोटिशीत हँडशेक वगैरे काही नाही, नुसता आयपी, पोर्ट, वेळ आणि ती ओळ.

वायरमन_देवगड:
बरं, मग आता ऐका तुमच्याचकडे का आलं. आमच्या बहुतेक घरगुती गिऱ्हाइकांना स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही. जुन्या पद्धतीचे आयपी जगात संपलेत, विकत घ्यायचे तर महाग, म्हणून आम्ही सीजीनॅट लावतो. घरी राऊटरवर १००.६४ पासून पुढचा आतला आयपी दिसतो आणि बाहेर जाताना पुष्कळ घरं मिळून एकच पब्लिक आयपी वापरतात, वेगळेपण फक्त पोर्टचं. म्हणजे नोटिशीत नुसता आयपी आला तर मी सांगूच शकत नाही की आख्ख्या वाडीतलं कुठलं घर. आयपी, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ तिन्ही लागतं, आणि माझ्याकडे त्या क्षणाची नॅटची नोंद लागते. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या लोकांनी २०११ मध्येच सर्व्हरवाल्यांना सांगून ठेवलंय की आयपीबरोबर पोर्ट आणि अचूक वेळ नोंदवा म्हणून, तरी अजून बऱ्याच नोटिसा बिनपोर्टाच्या येतात. अशा वेळी मी कोणाचंही नाव देत नाही आणि देणारही नाही, अंदाजाने कोणाच्या दारात पोलीस नेऊन उभे करणं मला पटत नाही.

पण तुम्ही कॅमेऱ्यांसाठी स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेतलाय ना? मुंबईतून मोबाईलवर कॅमेरे बघता यावेत म्हणून होमस्टेवाले सगळे घेतात. तो आयपी एकट्या तुमचा, म्हणून नोटीस सरळ तुमच्या दारात. शेजारच्या घरातून कोणी हेच केलं असतं तर बहुतेक नोटीस वरच्या वर हरवली असती.

गजालीकार:
माका एक सांगा, कोणी मोबायलावर टोरंट लावलो तर तेचो आयपी पण तेंका दिसता काय? आमच्या पोरग्यांका सांगून सांगून दमलंय.

सुरंगी:
होय काका, दिसता. मोबाईल डेटावर पण सीजीनॅट असतं त्यामुळे जुन्या आयपीतून एकटा माणूस पटकन कळत नाही. पण आता मोबाईल कंपन्या आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी, देतात, त्यात पत्ते इतके आहेत की वाटून घ्यायची गरजच नाही. तिथे पोर्ट नसला तरी कनेक्शन ओळखता येतं. पोरांना वाटतं मोबाईलवर कोण बघतंय, उलट तिथे गोष्ट जास्त स्पष्ट असते.

भरतीओहोटी (दापोली):
मी २००३ च्या सुमारास दापोलीत सायबर कॅफे चालवायचो, तेव्हा पोरं काझा नावाच्या फाईल-शेअरिंग सॉफ्टवेअरवर गाणी शोधायची, एक गाणं उतरायला अख्खा तास जायचा आणि उघडलं की आत नुसती खरखर. तेव्हा वाटायचं लाईन खराब आहे. पुढे वाचल्यावर कळलं की गाण्यांच्या कंपन्याच पैसे देऊन अशा खोट्या फाईली हजारोंनी सोडायला लावायच्या. मीडियाडिफेंडर नावाची कंपनी यात मोठी होती, २००७ मध्ये तिचेच हजारो ईमेल फुटले आणि हा सगळा कारभार जगाला वाचायला मिळाला. बिटटोरंटवर ती युक्ती तेवढी चालत नाही कारण खोट्या तुकड्याचा हॅश जुळत नाही, क्लायंट तो टाकून देतो. म्हणून तिथे फाईल खराब करण्यापेक्षा माणसं नोंदवण्यावर भर आला असं माझं मत.

त्याआधी गाणी शेअर करायच्या नॅपस्टरच्या वेळी तर पाळतीची गरजच नव्हती, यादी एकाच कंपनीच्या सर्व्हरवर, २००१ मध्ये कोर्टाने ती बंद पाडली की खेळ संपला. पुढच्या सॉफ्टवेअरांनी मधला सर्व्हर काढून टाकला तेव्हा पकडायला कंपनी उरली नाही, मग साध्या लोकांवर केसेस. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेत गाण्यांच्या कंपन्यांच्या संघटनेने एका दमात २६१ जणांवर दावे टाकले. एका बाईला २४ गाण्यांसाठी २,२२,००० डॉलर भरायचा निकाल लागला, मधल्या एका फेरीत तर आकडा १९ लाख डॉलरच्या वर गेला होता. चोवीस गाणी! एका संसाराची राखरांगोळी करायला एवढं पुरतं? मला हे कधीच न्याय वाटलं नाही. २००८ च्या शेवटी त्यांनी सरसकट दावे थांबवले आणि नोटिसांचा रस्ता धरला, २०१३ ते २०१७ तिकडे एकेका कनेक्शनला सहा वेळा इशारे द्यायची योजना होती. फ्रान्सने २००९ मध्ये कायदाच केला इशाऱ्यांचा. खाडीकाठ, तुझ्याकडे आलेला कागद त्याच घराण्यातला.

रत्नाग्री_वकील:
कायद्याचं मी सांगतो. बाबांना सांगा, अशी नोटीस म्हणजे एफआयआर नाही, समन्सही नाही. पण दुर्लक्ष करू नका, आणि का ते नीट वाचा.

आपला कॉपीराईट कायदा १९५७ चा. कलम ६३ खाली शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख, आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं, म्हणून हलक्यात घेऊ नये. मात्र त्याच कलमात शब्द आहे जाणूनबुजून. तुमच्या पावण्याने तुमच्या नकळत केलं त्यात तुमचं जाणूनबुजून काही नाही. पण नोटीस आल्यावर तुम्हाला कळलं की नाही? परत परत तसंच होत राहिलं आणि तुम्ही हात बांधून बसलात तर ती बाजू कमकुवत होते. म्हणून आत्ताच काहीतरी करा आणि काय केलंत ते तारखेसकट लिहून ठेवा. नेटवाल्याच्या मेलला दोन ओळींचं साधं उत्तर द्या की हे पाहुण्यांचं वायफाय आहे आणि आम्ही अमुक उपाय केले. पाहुण्याचं नाव स्वतःहून कोणाला कळवायची गरज नाही, पोलिसांनी किंवा कोर्टाने रीतसर मागितलं तर रजिस्टर आहेच.

आणखी एक, बरेच जण म्हणतात मी फक्त बघितलं. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने खरंच सांगितलं होतं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, वाटणं, सार्वजनिक दाखवणं, विकणं-भाड्याने देणं हा आहे. पण टोरंट उतरवताना तुम्ही त्याच वेळी दुसऱ्याला तुकडे देत असता, म्हणजे ते वाटणंच झालं, तिथे हा बचाव लंगडा पडतो. पाळत ठेवणारे नेमकं तेच टिपतात.

आपल्याकडे मोठ्या सिनेमावाल्यांचा भर अजून एकेका माणसापेक्षा साईट बंद करण्यावर आहे. अनोळखी प्रतिवादी म्हणून अशोक कुमार नाव घालून ऑर्डर घेतात, आणि २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने डायनॅमिक ऑर्डर दिली, म्हणजे साईटने नाव बदलून नवीन दुकान मांडलं तर ती पण त्याच ऑर्डरीत आणता येते. थेटरात रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा कडक केला, दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत.

पडद्यामागे:
वकीलसाहेबांनी थेटरचा विषय काढला म्हणून. मी चिपळूणकडे एका थेटरात प्रोजेक्टर बघतो. डिजिटल सिनेमा येतो तो कुलूपबंद येतो आणि किल्ली वेगळी, ठरलेल्या तारखेला ठरलेल्या प्रोजेक्टरवरच चालते. शिवाय चित्रात आणि आवाजात न दिसणारी खूण पडत असते, दर ५ मिनिटांच्या भागात किमान ३५ बिट, त्यात कुठलं थेटर आणि कुठली वेळ. कोणी मोबाईलवर शूट करून टोरंटला टाकलं तरी ती खूण फाईलमध्ये उतरते आणि स्टुडिओ काढू शकतो की कुठल्या शोला शूट झालं. म्हणजे आयपी शोधायच्या आधीच पहिला चोर शोधायचा रस्ता. मला ही पद्धत जास्त बरोबर वाटते, शेवटच्या पोराला पकडण्यापेक्षा.

एक_प्रश्न:
मग व्हीपीएन लावला की विषय संपला ना? एवढी चर्चा कशाला?

सुरंगी:
नाही संपत. व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणं, तो लावला की पाळतवाल्याला त्या कंपनीचा आयपी दिसतो, पण भरवसा कंपनीवर गेला एवढंच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली, त्यावर काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले. आणि लपायचं कसं हा इथला प्रश्नच नाहीये, खाडीकाठने काही केलेलंच नाही. त्याचा प्रश्न हा आहे की दुसऱ्याने केलेलं त्याच्या नावावर का चढावं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एका अपील कोर्टाने अगदी अशाच प्रकरणात सांगितलं की कनेक्शन कोणाच्या नावावर आहे एवढ्यावरून त्यानेच उतरवलं असं धरता येत नाही. तो प्रौढांची देखभाल करणाऱ्या एका होमचा चालक होता, नेट सगळे वापरायचे. मला वाटतं आपल्याकडच्या होमस्टेवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

जाखडीवाला (गुहागर):
मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे, रागावू नका. मी शक्तीतुऱ्याचे सामने आणि नमन रेकॉर्ड करतो, तीन कॅमेरे, माईक, रात्रभर जागरण, मंडळांना मानधन देतो आणि मग रेकॉर्डिंग विकतो. दुसऱ्या दिवशी ते टेलिग्रामवर, आणि हल्ली मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपमधून कोणीतरी सगळ्या सामन्यांचा मोठा गठ्ठा करून टोरंट फिरवतोय. मोठ्या स्टुडिओला पाळतीची कंपनी परवडते, मला कोण? त्या म्हाताऱ्या शाहिराला जे पाचपन्नास रुपये मिळायचे ते जातात हो. तुम्ही सगळे पकडलेल्याच्या बाजूने बोलताय, ज्याचं गेलं त्याच्या बाजूने पण कोणीतरी बोला.

खाडीकाठ:
दादा, रागावणार कशाला. आमचे मामा नमनात मृदंग वाजवायचे, त्यामुळे कळतं. मी आज गेस्ट नेटवर्क वेगळं केलं, भिंतीवरचा पासवर्ड काढला, प्रत्येक बुकिंगला नवीन देणार आणि रजिस्टरवर तारखेसमोर लिहून ठेवणार. नियमांच्या पाटीवर पण लिहिलंय की आमच्या नेटवरून सिनेमे-गाणी शेअर करू नका. वकीलसाहेब म्हणाले तसं उत्तर पण पाठवलं. बाबा आज जेवले.

वायरमन_देवगड:
छान केलंत. राऊटरची वेळ बरोबर आहे ना ते पण बघा, आपोआप सेट होते तो पर्याय चालू ठेवा, नाहीतर तुमची नोंद आणि नेटवाल्याची नोंद जुळणार नाही. गेस्ट नेटवर्कचा अपलोड स्पीड कमी ठेवा. पी२पी (टोरंटसारखं थेट शेअरिंग) ब्लॉकचं बटण असतं त्यावर फार विसंबू नका, ट्रॅफिक एन्क्रिप्ट केलं की ते बऱ्याचदा फसतं. आणि उद्या कोणी मेलमध्ये लिंक देऊन अमुक डॉलर भरा, केस मिटवतो म्हणालं तर लगेच भरू नका. अमेरिकेत एका वकिलांच्या टोळीने स्वतःच सिनेमे टोरंटवर टाकून, उतरवणाऱ्यांना धमकावून पैसे उकळले होते, त्यातल्या मुख्य माणसाला २०१९ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. आधी मला किंवा वकीलसाहेबांना दाखवा.

सुरंगी:
जाखडीवाला दादा, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि कंपनी न लावता थोडं करता येतं. तो गठ्ठा फिरतोय त्याच्या मॅग्नेट लिंकमध्ये (टोरंट उघडणारी लिंक) इन्फोहॅश असतो, तो लिहून ठेवा. ज्या ग्रुपमध्ये आणि साईटवर लिंक आली त्याचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे. तुमची मूळ फाईल, रेकॉर्डिंगची तारीख, मंडळाशी झालेला कागद हे सगळं एकत्र. उतरवणाऱ्या पोरांचे आयपी गोळा करत बसू नका, त्यातून तुम्हाला काही मिळणार नाही आणि चुकीच्या माणसाला त्रास होईल. लिंक जिथे ठेवलीय त्या साईटला आणि टेलिग्रामला तक्रार करा. पुढच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉपीत एका कोपऱ्यात वेगळी छोटी खूण घाला, तीन-चार फ्रेम पुरतात, म्हणजे फुटली तर कुठल्या कॉपीतून फुटली ते कळेल. पडद्यामागे म्हणाले तेच, घरगुती पातळीवर. एक लक्षात ठेवा, कोणी फाईल परत कन्व्हर्ट केली की इन्फोहॅश बदलतो, म्हणून नावावरून पण शोधत राहावं लागतं.

रत्नाग्री_वकील:
साईटला तक्रार लेखी द्या, नक्की कुठली लिंक ते लिहा आणि हक्क तुमचा असल्याचा कागद जोडा. फाईल ठेवणाऱ्या साईटने ३६ तासांत ती बंद करावी असं २०१३ च्या नियमांत आहे, त्यानंतर २१ दिवसांत कोर्टाची ऑर्डर आणली नाही तर ती परत चालू करू शकते. तेवढ्या दिवसांत काय करायचं ते आधी ठरवून मगच पाठवा. मंडळाशी कागद झालाय ना लेखी? सादरीकरणाचा कलाकारांचा हक्क वेगळा असतो, त्यांची सही लागेल.

जाखडीवाला:
लेखी फक्त दोन मंडळांशी आहे, बाकी तोंडी. शिमग्याच्या आधी सगळ्यांकडून घेतो. वकीलसाहेब, नमुना मिळेल का मराठीत?

रत्नाग्री_वकील:
व्यनि करतो आज रात्री.